त्रिनिंगला चुकवायची सहल

मयताहून थेट घरी जायचं नाही, हे बोंगाबोन गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वाटेत कुठेतरी टेकायचं, कॉफीचा घोट घ्यायचा, दुकानात शिरून उगाच चार वस्तूंना हात लावायचा. मेलेला माणूस मागोमाग येत असतो. तो त्या गर्दीत रमतो, चुकतो, आणि आपण निवांत आपल्या घरी जातो. याला तिथे पागपाग म्हणतात. अंगावरची धूळ झटकावी तसं मेलेल्याला झटकून टाकायचं, एवढंच.

पुरिंगची पंचाईत अशी की या खेपेला मयत शेजारच्याच घरात झालं होतं. मधे फक्त बांबूचं कुंपण. गेलेली बाई म्हणजे तिची भावजय त्रिनिंग, आणि त्रिनिंगने जिवंतपणीच छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं, "मी मेले ना पुरिंग, की स्वर्गात वगैरे जाणार नाही. सरळ तुझ्या स्वयंपाकघरात येऊन बसणार. तुझा भात करपतो, ते सांगायला कोणी नको का?"

दोघी एका वयाच्या, दोघी विधवा. पुरिंगची मुलं मनिलाला, त्रिनिंगला मूलच नव्हतं. दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर, आणि भांडायला कारण लागतंच असं नाही. तरी कारणं होतीच. त्रिनिंगचा कोंबडा होता, पुरिंगची कुंपणापलीकडे झुकलेली पपई होती, आणि संध्याकाळची प्रार्थना कोण जास्त मोठ्याने म्हणते हा प्रश्न तर दोघींचे नवरे जाऊनही सुटला नव्हता. रोज सकाळी कुंपणापलीकडून हाक यायची, "पुरिंग, भात करपला!" पुरिंग ओरडायची, "तुझं नाक करपलंय!" भात खरंच करपलेला असायचा, हा भाग वेगळा.

तर अशी त्रिनिंग आज सकाळी मातीआड झाली. दफनभूमीच्या फाटकाशी उभी राहून पुरिंग म्हणाली, "चल इडांग, कोपऱ्यावरच्या दुकानात जरा टेकू, मग घरी."

इडांग ही तिची धाकटी बहीण. काय केलं की काय होतं आणि काय नाही केलं की त्याहून वाईट काय होतं, हे तिला तोंडपाठ. तिने कपाळावर हात मारला. "कोपऱ्यावरचं दुकान? ताई, त्रिनिंग रोज तिथूनच व्हिनेगर आणायची! ती तुझ्या आधी घरी पोचेल आणि आतून दार उघडेल."

"मग बाजारात जाऊ."

"बाजारात ती डोळे मिटून फिरेल."

"कबानातुआनच्या मॉलमध्ये?"

"तिथल्या सरकत्या जिन्यावर ती दर नाताळात फुकट खाली-वर करायची. पहारेकरीसुद्धा तिला नावाने ओळखतात."

इडांगचा मुलगा तोन्यो जीप चालवायचा. तो स्टिअरिंगवर हात ठेवून जांभया देत होता. प्रेताशेजारी जागून जागून, नुसत्या कॉफीवर आणि बिस्किटांवर काढून, तिघांचीही डोकी पिसासारखी हलकी झाली होती. अशा वेळी माणसाला एकतर रडू येतं नाहीतर हसू येतं. या तिघांना मघापासून हसू येत होतं आणि ते सगळ्यांनी रुमालात दाबून धरलं होतं.

"घाट ओलांडून बालेरला जाऊ," तोन्यो म्हणाला. "समुद्र आहे, चर्च आहे, मासे आहेत. एवढ्या लांबून तिला परतीची वाट कशी सापडणार?"

पुरिंग आजवर समुद्राला गेली नव्हती. कांद्याची लावणी, कांद्याची काढणी, मग पोरं, मग नवऱ्याचं दुखणं, यात समुद्र कुठे बसणार? ऊन लागत होतं म्हणून सकाळी डोक्यावर चढवलेली टोपी तिने घट्ट केली आणि ती तोन्योच्या शेजारी चढून बसली. "दाब रे," ती म्हणाली.

घाटमाथ्यापर्यंत सगळं छान चाललं होतं. मग इडांग एकदम गप्प झाली, आणि इडांग गप्प होणं ही चांगली खूण नव्हे.

"ताई," ती हळूच म्हणाली, "त्रिनिंग लाटेवर उभी राहिले होते म्हणून सांगायची, ते गाव कुठलं गं?"

"बालेर," पुरिंग म्हणाली. तोन्योने करकचून ब्रेक दाबला.

ही गोष्ट त्या घराण्यात प्रत्येकाने इतक्यांदा ऐकली होती की ऐकू येणंच बंद झालं होतं. त्रिनिंग विशीची असताना मामाबरोबर कांद्याच्या ट्रकवर बसून बालेरला गेली. त्याच सुमाराला परदेशी सिनेमावाले तिथे लढाईचं शूटिंग करून गेले होते आणि लाटांवर घसरायच्या फळ्या मागे टाकून गेले होते. गावची पोरं त्यांवर पडत-धडपडत शिकत होती. त्रिनिंगने म्हणे एकाच्या हातातली फळी ओढून घेतली, लाटेवर सरळ उभी राहिली आणि थेट वाळूपर्यंत आली. प्रत्येक बारशाला, प्रत्येक लग्नात, डुक्कर भाजायला लावलं की ही गोष्ट सुरू. आणि दर वेळी पुरिंग मोठ्याने म्हणायची, "सायकलवरून पडायचीस तू! लाटेवर कसली उभी राहतेस? खोटारडी!"

"म्हणजे जगात तिचा सगळ्यात जास्त जीव ज्या गावावर," तोन्यो म्हणाला, "तिथेच आपण तिला चुकवायला निघालोय. मागे फिरू का?"

मागून कांद्याचा ट्रक हॉर्न वाजवत होता आणि फिरायला जागा नव्हती. इडांगने पदरचं शास्त्र काढलं. "थांब, थांब. उलट बरंच झालं! तिला तिथे इतकं आवडेल की ती परत यायचं नावच काढणार नाही."

"राहू दे तिथेच," पुरिंग म्हणाली. "पडू दे लाटांवरून रोज." आणि तिला जे हसू फुटलं ते घाट उतरेपर्यंत थांबलं नाही.

गावाच्या अलीकडे एक प्रचंड बालेतेचं झाड आहे, आपल्या वडाचाच भाऊबंद. आत पोकळ. एका बाजूने शिरावं, मुळ्यांच्या जाळ्यातून सरपटत दुसऱ्या बाजूने निघावं. इडांगच्या मते भुताला गुंतवायला याहून चांगली जागा नव्हती. "आत कोण राहत असेल त्यांनी वाट द्यावी, म्हाताऱ्या बायका येतायत," असं रीतसर म्हणून ती पहिली शिरली, आणि निम्म्यात अडकली.

"ताई, ढकल!"

"काय ढकलू? बाहेर तेवढंच उरलंय जे ढकलायला मला लाज वाटते!"

मागे सहलीला आलेल्या शाळकरी मुलींची रांग लागली. पुढून तोन्यो ओढतोय, मागून पुरिंग खांदा लावतेय, मुली टाळ्या वाजवून ताल धरतायत. शेवटी इडांग बुचासारखी बाहेर निघाली. मयताचे काळे कपडे मातीने भरले, केसांत पाला अडकला, आणि तशाही अवस्थेत तिने झाडाकडे वळून एकेकाला हाक मारली. "पुरिंग, चल! तोन्यो, चल! कांदिदा, तूही चल!" कांदिदा हे इडांगचंच खरं नाव. परक्या जागेवरून निघताना अशी नावं घेऊन बोलवायचं असतं. नाहीतर जीव तिथेच रमतो आणि नुसतंच अंग घरी जातं.

"आणि ऐका," इडांग दरडावून म्हणाली, "तिचं नाव आज कोणीही घ्यायचं नाही. हाक मारली की आलीच म्हणून समजा."

बालेरात पोचेपर्यंत भुकेने जीव कासावीस झाला होता. खानावळीत बसले. नेच्याच्या कोवळ्या कोंबांची कोशिंबीर, निखाऱ्यावरचा मासा, नारळाच्या दुधातली कोळंबी. वाढणाऱ्या मुलीने ताटं मांडली. एक, दोन, तीन, आणि चौथं.

तिघांचेही हात हवेतच राहिले.

"बाळ," पुरिंग म्हणाली, तिची पाचावर धारण बसली होती, "आम्ही तिघंच आहोत."

"चौथ्या बाई आत हात धुवायला गेल्या ना?" मुलगी म्हणाली. "खुर्चीवर टोपी ठेवलीय त्यांनी."

पुरिंगने सुटकेचा निःश्वास टाकला. "अगं, ती माझी टोपी."

इडांगने टोपीकडे पाहिलं. रुंद काठाची, विणीची, उन्हाने मधासारखी झालेली. मग तिने ताईकडे पाहिलं. "तुझी टोपी निळ्या फितीची आहे. ही कोणाची?"

"सकाळी घाईत... तिच्या ओट्यावर खुंटीला होती... ऊन किती होतं!"

"ताई!" इडांग इतक्या जोरात किंचाळली की शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या घशात मासा अडकला. "मयताच्या घरातनं भाताचं शीतसुद्धा आणत नाहीत, आणि तू तिला झटकायला निघालीस ती तिचीच टोपी डोक्यावर घालून?"

तोन्यो टेबलाखाली गेला. चमचा शोधायला गेलो असं तो नंतर सांगायचा, पण टेबल हसण्याने गदगदत होतं. पुरिंगने आधी कपाळाला हात लावला, मग तीही फुटली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. चौथ्या ताटात मात्र तिने कोणाच्या नकळत एक कोळंबी ठेवली. राग आला असेल तर निवावा, म्हणून.

आता काम सोपं होतं. टोपी बालेरात टाकायची की त्रिनिंग टोपीपाशी थांबेल. जेवण झाल्यावर ते चर्चमध्ये गेले. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी याच जागी स्पॅनिश शिपाई कोंडून घेऊन बसले होते. लढाई कधीच संपली होती. संपली म्हणून सांगायला माणसं येत होती, पुरावा म्हणून वर्तमानपत्रं आणून देत होती, पण हे पठ्ठे म्हणत, खोटं आहे, आम्ही नाही बाहेर येणार. जवळजवळ वर्षभर असंच चाललं.

"अगदी त्रि..." पुरिंगने जीभ चावली. "अगदी तीच. पपईची लढाई मी कधीच सोडून दिली होती. सांगितलंसुद्धा होतं एकदा कुंपणावरून. म्हणाली, यात तुझा काहीतरी डाव आहे."

"मग काय केलंस?"

"काय करणार? परत सुरू केली."

तिने टोपी शेवटच्या बाकावर ठेवली, क्रूसाची खूण केली आणि तिघांनी बाहेर धूम ठोकली. पायऱ्या उतरतात न उतरतात तोच मागून चर्चमधला माणूस धापा टाकत आला. "लोला! टोपी विसरलात!" तिथे कुठल्याही म्हातारीला लोला म्हणतात, म्हणजे आजी. आभार मानावे लागले. मग टोपी चौकातल्या बाकावर सोडली, तर एका तिचाकीवाल्याने हॉर्न वाजवत जीपचा पाठलाग केला, गाठलं, आणि टोपी खिडकीतून पुरिंगच्या मांडीवर टाकली. "लोला, सांभाळा! असली जुनी वीण आता मिळत नाही."

"चांगल्या माणसांचं गाव आहे," तोन्यो म्हणाला. "इथे काही हरवणं अवघड आहे."

शेवटी साबांगचा किनारा आला. पुरिंगने समुद्र पाहिला. मग चपला काढल्या, काळा घागरा उचलला आणि सरळ पाण्याकडे पळत सुटली. वयाच्या मानाने जरा जास्तच जोरात. पहिली लाट गुडघ्याला लागली तशी ती "आई गं!" म्हणून उलटी पळाली, मग पुन्हा पुढे गेली. असं किती वेळा केलं कोण जाणे. आसपास जिकडेतिकडे लोक फळ्या घेऊन पाण्यात पडत होते आणि हसत होते. एवढी माणसं आपण होऊन पडायला येतात, हे तिला फारच आवडलं.

फळ्या भाड्याने देणारा दिंदो म्हणून एक माणूस होता. पोट सुटलेला, केस उन्हाने तांबूस झालेले, आणि जगात कशाचीच घाई नसलेला. पुरिंगने त्याला गाठलं. "खरं सांगायचं. माझ्यासारखीला या फळीवर उभं राहता येईल?"

दिंदोने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "भिजायची तयारी आहे का, लोला? मग राहता येईल. पडलात तर खाली पाणीच आहे."

"ताई, वेड लागलं का?" इडांग धावत आली.

"ऐक," पुरिंग म्हणाली. "उभी राहिले तर मी तिच्या बरोबरीची. नाही राहिले तर ती खोटारडी. दोन्हीकडून माझंच खरं."

अंगात घालायचा सदरा तिच्या मापाचा एकच उरला होता, आणि तो लालभडक होता. इडांगने तोंडावर हात घेतला. "मयताच्या दिवशी लाल!"

"तिच्या डोळ्यांत खुपेल," पुरिंग म्हणाली. "दे इकडे."

पहिल्यांदा ती आडवी असतानाच पडली. दुसऱ्यांदा गुडघ्यावर आली आणि नाकातोंडात पाणी घेऊन उलटीपालटी झाली. वर आली तेव्हा खिदळत होती. "पुन्हा!" ती ओरडली. दिंदो छातीभर पाण्यात उभा राहून फळी धरायचा, मागे वळून लाटांकडे बघायचा. "ही नको. ही पण नको. पुढे बघा लोला, पायांकडे नाही, किनाऱ्याकडे बघा. ही आपली!" त्याने फळी ढकलली.

काहीतरी मोठं आणि दयाळू खालून उचलतंय असं पुरिंगला वाटलं. तिने हात टेकले, एक पाय घेतला, दुसरा घेतला, आणि उभी राहिली. किती वेळ? एखादी शिंक यावी एवढा. पण त्या शिंकेएवढ्या वेळात किनारा स्वतःहून तिच्याकडे धावत आला, वारा दातांत शिरला, आणि तिने सगळ्या बालेरला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली.

"त्रिनिंग! बघितलंस का गं!"

मग ती धपकन फेसात बसली.

किनाऱ्यावर इडांग उड्या मारत होती. तोन्यो शिट्ट्या घालत होता. ओळखदेख नसलेली माणसं टाळ्या पिटत होती. पुरिंग हसत होती आणि हसता हसताच तिच्या लक्षात आलं, की आता हे सांगायचं कोणाला? इडांग कौतुक करेल. मुलं फोनवर म्हणतील, आई, जपून गं. शेजारपाजारचे म्हणतील, वा वा. पण कुंपणावर कोपरं टेकून, डोळे बारीक करून, "खोटं बोलतेस" असं म्हणायला कोणी नाही. ते म्हणणारी एकच बाई होती, आणि तिच्या घराला आज सकाळपासून कुलूप आहे. उद्या भात करपेल आणि बोंगाबोनमध्ये कोणालाही कळणार नाही. पुरिंग तशीच पाण्यात बसून राहिली, आणि पुढची लाट तिच्या डोक्यावरून गेली. रडतेय की हसतेय हे बाहेरून कळण्यासारखं नव्हतं. दोन्ही चाललं होतं.

तेवढ्यात इडांगची किंकाळी आली. टाळ्या वाजवण्याच्या नादात तिच्या काखेतली टोपी सुटली होती. वाऱ्याने ती उचलली, वाळूवरून गडगडवली आणि पाण्यात नेली. आता ती काठ वर करून लाटांवर डुलत चालली होती, कोणाच्याही मदतीशिवाय, अगदी ताठ.

"गेली!" इडांग आनंदाने नाचली. "ताई, सुटलो! आपण नाही टाकली, आपली आपणच गेली!"

"दिंदो!" पुरिंग उभी राहत ओरडली. "आण ती! अरे बघतोस काय, आण!"

दिंदो पोटावर फळीवर आडवा झाला आणि हाताने पाणी कापत गेला. टोपी घेऊन परतला तो लाटेवरून, उभ्याने, टोपी स्वतःच्या डोक्यावर घालून. पुरिंगने ती त्याच्याकडून घेतली, पिळली आणि ओली तशीच स्वतःच्या डोक्यावर ठेवली.

"उभी राहिली असेल ती," ती इडांगला म्हणाली. "मी राहिले तर तीही राहिली असेल. वाळूपर्यंत आली हे मात्र मी अजून मानत नाही."

सूर्य डोंगराआड चालला होता. जीपमध्ये वाफाळलेली कॉफी होती, केळीच्या पानातला गोड भात होता आणि सगळ्यांच्या कानांत वाळू होती. तोन्योने गाडी चालू केली. इडांगने रीतीप्रमाणे समुद्राकडे तोंड करून हाका घातल्या. "तोन्यो, चल घरी! कांदिदा, चल घरी! पुरिंग, चल घरी!" मग ती आत बसली आणि तिने दार ओढलं.

पुरिंगने ते परत उघडलं. लाल सदरा, काळा घागरा आणि ओली टोपी अशा थाटात ती पायरीवर उभी राहिली.

"त्रिनिंग!" तिने हाक मारली. "ए त्रिनिंग! चल गं घरी. पुरे झालं आता. उद्या सकाळी भात कोण बघणार?"

इडांगने डोळे गच्च मिटून घेतले. तोन्यो आरशातून मावशीकडे बघत राहिला. पुरिंगने थोडी वाट पाहिली, मग ती आत सरकली आणि बाकावर शेजारी एका माणसाची जागा सोडून बसली.

"तोन्यो, आता घर येईपर्यंत कुठेही गाडी थांबवायची नाही."

"मावशी, निदान घाटात तरी एकदा. मी दोन शहाळी प्यायलोय."

"धरून ठेव," पुरिंग म्हणाली. "थांबलास तर ती मधेच उतरायची."